गाव खंयचो? नव्या नेत्याचा वंश ठरवतो कोण

2017 सालच्या जून महिन्यात, मिरगाचा पाऊस नुकताच धरला असताना, मालवणच्या एस.टी. स्थानकात दोन वयस्कर गृहस्थ एकच वर्तमानपत्र दोघांत धरून वाचत बसले होते. बातमी आयर्लंडची होती. लिओ वराडकर नावाचे 38 वर्षांचे डॉक्टर त्या देशाचे पंतप्रधान झाले होते आणि त्यांच्या वडिलांचे घराणे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे होते. “तेका मालवणी येता काय?” एकाने विचारले. “येणा नाय,” दुसरा म्हणाला, “पण आडनाव वराडकर असा मां!” एवढ्यावर पहिल्याचे समाधान झाले आणि दोघेही पुन्हा बातमीत शिरले. माणूस कुठला, हे त्यांना आडनावाने सांगितले होते; भाषा, धर्म, कातडीचा रंग किंवा पासपोर्ट यांपैकी कशाचीही चौकशी करण्याची गरज त्यांना पडली नव्हती.

त्याच आठवड्यात जगभरच्या बातम्यांत हाच माणूस ‘भारतीय स्थलांतरिताचा मुलगा’ म्हणून झळकत होता, डब्लिनमध्ये मात्र तो फार उजव्या विचारांचा तर नाही ना, यावर वाद चालला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत तो असता, तर त्याला कोणत्या रकान्यात घालायचे हा कोर्टकचेरीचा विषय झाला असता. माणूस एकच, पण त्याची वांशिक ओळख ठिकाणागणिक बदलते. एखादा नेता नव्याने सत्तेवर येतो तेव्हा त्याच्या वंशाची एवढी चर्चा का होते, ती ओळख नेमकी कोण ठरवतो आणि लोकांना तो ‘आपला’ किंवा ‘परका’ कशावरून वाटू लागतो, हे समजून घ्यायला आम्हा कोकणवासीयांना वराडकरांइतके जवळचे उदाहरण दुसरे मिळायचे नाही.

आधी शब्दाचा घोळ दूर करायला हवा. मराठीत वंश म्हणजे पिढ्यांची साखळी. वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश, सूर्यवंश या सगळ्या शब्दांत बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ आहे. इंग्रजीतल्या ‘रेस’ या कल्पनेसाठी आपण हाच शब्द वापरतो आणि तिथेच फसगत होते, कारण ‘रेस’ ही साखळी नसून वर्गवारी आहे. कातडीचा रंग, केस, नाक-डोळे यांवरून जगातल्या माणसांचे मोजके गट पाडायचे, त्या गटांची उतरंड लावायची आणि तिच्या आधारे जमीन, मताधिकार, लग्न, नागरिकत्व कोणाला मिळेल ते ठरवायचे, अशी ही व्यवस्था युरोपीय वसाहतींच्या काळात आकाराला आली. जीवशास्त्र तिला फारसा आधार देत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने 1972 साली दाखवून दिले की माणसांमधल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच असते. ज्यांना आपण वेगवेगळे वंश म्हणतो त्यांच्यामधल्या फरकाच्या वाट्याला त्यातला फारच थोडा भाग येतो. पण म्हणून वंशाची बाब बोलून सोडून देण्यासारखी ठरत नाही. गावाची शीव जमिनीवर निसर्गाने उमटवलेली नसते, तरी तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते. वंशाचेही तसेच आहे.

अमेरिकेत ही शीव कायद्याने आखली गेली आणि सोयीप्रमाणे हलवलीही गेली. इंग्रजी रिवाजानुसार मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. व्हर्जिनिया वसाहतीने 1662 साली हा रिवाज उलटा केला आणि मूल आईच्या दर्जाचे धरावे असे ठरवले, त्यामुळे गोऱ्या मालकांना गुलाम स्त्रियांपासून झालेली मुले जन्मतःच गुलाम ठरू लागली, म्हणजे बापाच्या मालमत्तेत भर पडू लागली. पुढे 1924 साली त्याच व्हर्जिनियाने वांशिक शुद्धतेचा कायदा केला. ज्याच्या रक्तात गोऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणाचाही अंश असेल तो गोरा नव्हे, असे त्या कायद्याने जाहीर केले. अपवाद एकच ठेवला होता: मूळ अमेरिकी रक्ताचा सोळावा हिस्सा किंवा त्याहून कमी अंश चालत असे, कारण तिथली काही प्रतिष्ठित गोरी घराणी आपले नाते पोकाहॉन्टस या मूळ अमेरिकी स्त्रीशी अभिमानाने सांगत. ‘एका थेंबाचा नियम’ म्हणतात तो हाच. आफ्रिकी रक्ताचा एक थेंब माणसाला काळा करतो, गोऱ्या रक्ताचा एक थेंब मात्र कोणाला गोरा करत नाही.

आपल्या लोकांची यात काय गत होती, हेही पाहण्यासारखे आहे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळू शकत असे. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने नागरिकत्व मागितले तेव्हा 1922 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गोरा याचा अर्थ कॉकेशियन (युरोप आणि त्याच्या आसपासच्या लोकांना त्या काळच्या वर्गवारीत दिलेले नाव) वंशाचा आणि जपानी माणूस त्यात बसत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात चाकरी केलेले भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ त्यानंतर पुढे आले. त्या काळच्या मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय लोक कॉकेशियन गणले जात आणि थिंड यांचे म्हणणे त्यावरच आधारलेले होते. फेब्रुवारी 1923 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीनच महिन्यांत कसोटी फिरली आणि दोन्ही वेळा दार बंदच राहिले. वंश म्हणजे काय याची इतकी उघड कबुली मला दुसरीकडे सापडलेली नाही. बघणाऱ्याची नजर हाच इथे कायदा झाला. 1920, 1930 आणि 1940 च्या जनगणनांत अमेरिकेने आपल्याकडच्या माणसांची नोंद ‘हिंदू’ नावाचा वंश म्हणून केली, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. 1970 साली त्यांना गोऱ्यांत धरले आणि 1980 साली ‘आशियाई भारतीय’ असा स्वतंत्र रकाना दिला. एवढ्या काळात कोणाच्याही रक्तात काही फरक पडलेला नव्हता.

बराक ओबामा यांच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे उलगडा होतो. त्यांचा जन्म 1961 साली होनोलुलू येथे झाला. आई अ‍ॅन डनहॅम कॅन्ससच्या गोऱ्या कुटुंबातली, वडील केनियाचे. हवाईत असे लग्न चालत होते, पण 16 राज्यांत ते 1967 पर्यंत गुन्हा होते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच ती बंदी उठली. हिशेबाने ओबामा जितके काळे तितकेच गोरे, तरीही 4 नोव्हेंबर 2008 रोजी ते निवडून आले तेव्हा ‘आणखी एक गोरा अध्यक्ष’ असे कोणी म्हटले नाही, म्हणणे शक्यही नव्हते. 2000 सालापासून तिथल्या जनगणनेत एकाहून अधिक वंशांपुढे खूण करता येते. 2010 साली अध्यक्ष असलेल्या ओबामांनी आपल्या अर्जावर फक्त काळ्या, आफ्रिकी-अमेरिकी या चौकोनात खूण केली. रस्त्यात टॅक्सी थांबवताना, दुकानात शिरताना जग ज्या नजरेने पाहते ती नजर माणसाच्या पदरात पडलेलीच असते. तिला मान खाली घालून सोसायचे की ताठ मानेने आपले म्हणायचे, एवढेच त्याच्या हातात उरते. ओबामांनी दुसरा मार्ग धरला, असे मी समजतो.

तरी वाद मिटले नाहीत. निवडणुकीच्या आधी काही काळ्या विचारवंतांनी विचारले की ज्याच्या पूर्वजांनी अमेरिकेत गुलामगिरी भोगली नाही तो आमच्या इतिहासाचा वारस कसा. दुसऱ्या टोकाचे लोक तर त्यांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही, असे वर्षानुवर्षे पसरवत राहिले आणि 2011 च्या एप्रिलमध्ये अध्यक्षांना आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला. एकीकडे त्यांचा काळेपणा अपुरा पडत होता, दुसरीकडे त्यांचे अमेरिकीपण.

इकडे केनियाने 6 नोव्हेंबर 2008 रोजी सार्वजनिक सुट्टी दिली आणि कोगेलो हे त्यांच्या वडिलांचे खेडे जगाला माहीत झाले. मला त्याहून बोलकी वाटते ती मनीगॉलची गोष्ट. आयर्लंडमधल्या या लहानशा गावातून फाल्मथ कर्नी नावाचा चांभाराचा मुलगा 1850 साली अमेरिकेला गेला होता आणि तो ओबामांच्या आईचा पूर्वज निघाला. मे 2011 मध्ये ओबामा त्या गावी गेले तेव्हा आयरिश लोकांनी त्यांच्या नावातल्या ‘ओ’पुढे आयरिश आडनावांत असते तशी अपॉस्ट्रॉफीची खूण घालून त्यांना आपल्यात ओढून घेतले. पुढे गावाजवळच्या हमरस्त्यावर उभ्या राहिलेल्या पेट्रोलपंप-उपाहारगृहाला त्यांचेच नाव दिले गेले. म्हणजे वराडने जे 2017 साली केले तेच आयर्लंडने त्याआधी सहा वर्षे केले होते. आयरिश आडनावातल्या ‘ओ’चा अर्थ ‘अमक्याचा नातू’ असा होतो. तिथले आडनाव पूर्वज सांगते, आमचे ‘कर’ गाव सांगते. आपला माणूस शोधण्याची ही दोन वेगवेगळी साधने आहेत, पण ओढ तीच.

आता खुद्द आयर्लंडकडे येऊ. अशोक वराडकर 1960 च्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले. स्लाउ येथे काम करताना त्यांची ओळख मिरियम या आयरिश परिचारिकेशी झाली. त्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डंगारवन या समुद्रकाठच्या गावच्या. लग्नानंतर काही काळ इंग्लंड, काही काळ भारत असे राहून हे कुटुंब 1973 साली डब्लिनला स्थिरावले आणि 1979 च्या जानेवारीत लिओंचा जन्म झाला. ते ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातही त्यांनी शिकाऊ डॉक्टर म्हणून काम केले, 2007 साली ते खासदार झाले आणि 2011 पासून मंत्री होते. जानेवारी 2015 मध्ये आपण समलिंगी असल्याचे त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितले, आणि त्याच वेळी आपल्याला अर्धा भारतीय राजकारणी, डॉक्टर राजकारणी किंवा समलिंगी राजकारणी अशा कोणत्याही एका पाटीखाली ठेवू नये, हेही स्पष्ट केले. (आमच्याकडच्या गप्पांत त्यांच्या आडनावाचा अभिमान मोठ्याने बोलला जाई आणि ही दुसरी बाब आली की आवाज खाली येई, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

आयर्लंडमधली प्रतिक्रिया जगापेक्षा इतकी निराळी का होती, याचे उत्तर वरच्या तारखांतच आहे. जगाला वराडकर भेटले ते जून 2017 मध्ये, एका मथळ्यातून. आयरिश मतदार त्यांना दहा वर्षे पाहत होता. त्यांची भाषणे, त्यांचा फटकळपणा, आरोग्यमंत्री म्हणून त्यांचे कामकाज, सरकारी मदतीचा गैरफायदा घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी चालवलेली आणि अनेकांना गरिबांवरचा आघात वाटलेली मोहीम हे सगळे त्याच्या ओळखीचे होते. अनोळखी माणसाची ओळख दोन ओळींत करून द्यायची असते तेव्हा बातमीदार जे चटकन दिसते ते उचलतो, म्हणजे रंग, आडनाव, धर्म आणि ‘पहिला’ हा शब्द. माहिती जिथे कमी असते तिथे तिची जागा वंश घेतो. माहिती वाढली की वंश मागे सरतो, पूर्ण जात मात्र नाही. नेता चुकला, एखादा वाद पेटला की तीच पाटी पुन्हा काढून त्याच्या गळ्यात अडकवायला लोक मोकळे असतात. गोऱ्या नेत्याची चूक ही त्याची एकट्याची असते, अशा नेत्याच्या चुकीत त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना भागीदार केले जाते. हा भेद मला सर्वांत अन्यायाचा वाटतो.

‘आयरिश जनतेने भारतीय वंशाचा पंतप्रधान निवडला’ हे वाक्यही जरा सांभाळून वापरावे. तिथे पंतप्रधानाला टीशख म्हणतात आणि त्याची निवड डॉल हे लोकसभेसारखे सभागृह करते. 2017 साली सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही. फिना गेल या सत्तारूढ पक्षाने आपला नेता बदलला. पक्षाच्या घटनेप्रमाणे खासदारांच्या मतांना 65 टक्के, सामान्य सदस्यांच्या मतांना 25 टक्के आणि स्थानिक नगरसेवकांच्या मतांना 10 टक्के वजन होते. खासदारांचा मोठा गट वराडकरांच्या मागे उभा राहिला, सामान्य सदस्यांपैकी मात्र सुमारे 65 टक्क्यांनी त्यांचे प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना पसंती दिली. यावरून ते सदस्य वंशद्वेष्टे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण दोघांच्या धोरणांत खरा फरक होता. 14 जून रोजी डॉलमध्ये 57 विरुद्ध 50 मतांनी निवड झाली आणि 45 सदस्य तटस्थ राहिले. विजयाच्या भाषणात वराडकर म्हणाले होते की या प्रजासत्ताकावर पूर्वग्रहाची पकड नाही, हे आपल्या निवडीने दाखवले. त्या दिवशी ते म्हणणे योग्यच होते. आकडे मात्र त्याहून संयमाने बोलतात.

आणि त्याच आयर्लंडने 11 जून 2004 रोजी सार्वमत घेऊन, 79 टक्के मतांनी, आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप मिळणारे नागरिकत्व काढून घेतले होते. वराडकरांच्या आई आयरिश असल्यामुळे हा नियम त्यांना कधीच लागू झाला नसता. परदेशातून आलेल्या आईबापांच्या मुलांना तो लागू होतो, आणि डब्लिनमध्येच वाढलेल्या सावळ्या मुलांना ‘तू खरा कुठला?’ हा प्रश्न आजही ऐकावा लागतो.

तो प्रश्न आपल्याही अंगणात आहे. देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसच्या बागांत राखण, फवारणी, तोडणी ही बरीच कामे आज नेपाळहून आलेली माणसे करतात, बागेतल्या मांगरात बायकामुलांसह राहतात आणि त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. आमच्या वाडीतल्या दुकानात असाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा चहाची पूड आणि काडेपेटी घ्यायला आला होता. बोलत होता अस्सल मालवणी. दुकानात बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “तू खंयचो रे?” मुलगा म्हणाला, “हयचोच.” “तसा नाय, मूळचो खंयचो?” मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा आमच्याच वाडीचे नाव सांगितले. आजोबांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी त्याच्या हातावर शेंगदाण्याची चिक्कीही ठेवली. पण वराडकरांना मालवणी येत नसताना आपण त्यांना वराडचे मानले, आणि या मुलाला मालवणी येत असताना त्याला दोनदा उत्तर द्यावे लागले.

कोकणाला परक्यांना सामावण्याची सवय नाही, असेही नाही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली यहुदी शतकानुशतके राहिले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटले. इथे त्यांची ओळख धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून ठरली, आणि पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी गावाची आडनावे त्यांनीही लावली. मुरूडजवळच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता होती आणि ते संस्थान 1948 साली विलीन होईपर्यंत टिकले. त्या मुलखाला हबसाण, म्हणजे हबशांचा मुलूख, म्हणत. म्हणजे रंग आमच्या लोकांना दिसत नव्हता असे नव्हे, पण त्याच्या जोडीला सत्ता, धर्म, धंदा, गाव अशा इतर खुणाही तितक्याच ठळक होत्या. जातीची उतरंड मात्र होतीच आणि तिने रंगाहून अधिक माणसे वेशीबाहेर ठेवली. ‘कर’ हे सर्वांना सामावणारे दिसत असले तरी त्याच गावात पाणवठे वेगळे होते, हे विसरून आडनावाचे गुणगान करता येणार नाही.

शिवाय ‘कर’ बापाकडूनच येते. वराडकरांच्या आई वराडच्या आणि वडील डंगारवनचे असते, तर तेच गुण, तेच रक्त असलेला तो पंतप्रधान एखादे आयरिश आडनाव लावून आला असता आणि एस.टी. स्थानकातल्या त्या बाकावर त्याचा विषयही निघाला नसता. आजोळाचा माणूस म्हणून फार तर कोणी जुन्या नातलगाने आठवण काढली असती. पोर्तुगालमध्ये 2015 साली पंतप्रधान झालेले आंतोनियो कॉस्ता यांचे वडील मडगावच्या घराण्यातले आणि घरात त्यांना ‘बाबुश’ या कोंकणी लाडक्या नावाने हाक मारीत. पण आडनाव पोर्तुगीज असल्यामुळे गोव्याबाहेरच्या कोकणात त्यांच्याविषयी वराडकरांच्या निम्म्यानेही बोलले गेल्याचे मला आठवत नाही.

डिसेंबर 2019 च्या अखेरीस वराडकर आईवडील, बहिणी आणि त्यांच्या कुटुंबांसह खासगी भेटीवर वराडला येऊन गेले. एकाच घराच्या तीन पिढ्या मिळून गावी आल्याचा आनंद त्यांनी बोलून दाखवला. त्यानंतर ते डिसेंबर 2022 मध्ये दुसऱ्यांदा टीशख झाले आणि त्याच कारकिर्दीत, 23 नोव्हेंबर 2023 च्या संध्याकाळी, शाळेबाहेर मुलांवर झालेल्या चाकूहल्ल्याचे निमित्त करून डब्लिनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध दंगल उसळली, बस जाळल्या गेल्या, दुकाने लुटली गेली. त्या हल्लेखोराला अडवणाऱ्यांत ब्राझीलहून आलेला, घरोघर जेवण पोहोचवणारा एक माणूस होता. देशाचा प्रमुख स्थलांतरित बापाचा मुलगा होता, त्याचा त्या जमावावर काही परिणाम झाला नाही.

20 मार्च 2024 रोजी वराडकरांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच्या बारा दिवस आधी कुटुंब आणि घरातली सेवाशुश्रूषा या विषयांवरची त्यांच्या सरकारची दोन्ही सार्वमते मोठ्या फरकाने फेटाळली गेली होती, आणि घरांची टंचाई, भरमसाट भाडी यांवरून लोक नाराज होते. राजीनाम्यानंतर डब्लिनमध्ये मुख्यतः याच गोष्टींचा हिशेब झाला. आमच्याकडे मात्र बातमीचा पहिला शब्द सात वर्षांपूर्वीचाच होता: ‘भारतीय वंशाचे’.